एकाच पुस्तकाच्या तीन प्रती

माझ्या आजाराचे निदान सर्वांत आधी माझ्या आईने केले. आईला वाचता येत नाही.

माझ्या खोलीच्या भिंतीला वाळवी लागली होती, म्हणून तिने मांडणीवरची सगळी पुस्तके उतरवून फरशीवर पसरली होती. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीतली काढली होती. कपाटाच्या माथ्यावरचे दोन बंद खोकेही उघडले होते. मी कारखान्यातून सकाळपाळी करून आले तेव्हा ती या पसाऱ्याच्या मधोमध बसली होती आणि तिच्यासमोर तीन पुस्तके एका रांगेत मांडलेली होती.

"सुजे, हे तिन्ही एकच हाय का गं?"

मी म्हणाले, आवृत्त्या वेगळ्या आहेत. तिने तिन्ही पुस्तके उलटी केली, पुन्हा सुलटी केली आणि मुखपृष्ठावरच्या निळ्या वर्तुळांवरून बोट फिरवले.

"मला अक्षर कळत न्हाई. चित्र कळतंय." मग तिने वरच्या प्लास्टिकवर नख ओढले. "आन् फोडलं बी न्हाईस एक बी."

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. परळीजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट आहे. उसाच्या रसात साखर किती उतरली हे गळीत हंगामात तासातासाला सांगणे, हे माझे काम. नमुना घ्यावा, मोजावे, नोंदवावे आणि मगच बोलावे, या क्रमावर माझा विश्वास आहे. तरीही माझ्याच खोलीत भौतिक रसायनशास्त्राच्या एकाच जाडजूड पुस्तकाच्या तीन प्रती साठल्या आणि त्या मला दिसल्या नाहीत.

खरेदीच्या व्यसनाचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर साड्या, चपला, सौंदर्यप्रसाधने येतात. माझ्या खोलीत यांतले काहीच नव्हते. माझा आजार पुस्तकांचा वेश घालून आला, आणि आमच्यासारख्या घरात त्या वेशाला कोणी दारात अडवत नाही. तुमच्याही घरात असा एखादा आदरणीय वेश वावरत असेल, तर पुढचे तुमच्यासाठी लिहिले आहे.

घरची रीत

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते औष्णिक वीज केंद्रात राखेच्या विभागात कामगार होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आजोबांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. जयंतीच्या सकाळी पांढरे कपडे घालून वंदना झाली की घरातल्या प्रत्येक मुलासाठी आणलेले नवे पुस्तक प्रतिमेसमोर ठेवायचे आणि मग त्याच्या हातात द्यायचे. चपलेसाठी हट्ट केला तर अण्णा "पुढच्या महिन्यात" म्हणत. पुस्तक हवे म्हटले की ते स्वतःच्या चपला शोधू लागत.

या रीतीचा मला आजही अभिमान आहे. आमच्या कुळातली मी पहिली एम.एस्सी., आणि ती पदवी या रीतीतूनच आली. पण रीतीला एक आंधळी बाजू होती. पुस्तक आणल्याचा आनंद आमच्याकडे साजरा होई. ते वाचले का, हे विचारणे मात्र अविश्वास दाखवण्यासारखे मानले जाई. पानाचा कोपरा दुमडणे किंवा पेनाने खूण करणे हा अपराध होता. पुस्तक जितके कोरे राहील तितका त्याचा मान मोठा.

परळीत राख सगळ्यांवर बसते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्याच्या झाकणावर, गाडीच्या सीटवर आणि अर्थातच पुस्तकांवर. अण्णा रोज सकाळी ओल्या फडक्याने माझी मांडणी पुसत. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ती मांडणी दाखवत. "आमच्या सुजाताची," एवढेच म्हणत आणि बाजूला उभे राहत.

सोनवणे काका

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोनवणे काकांचे पुस्तकांचे दुकान आहे. काका आमच्याच वस्तीतले, अण्णांचे जुने मित्र. शाळेत असताना मी त्यांच्या दुकानात उभ्या उभ्या मासिके वाचून संपवत असे आणि ते गिऱ्हाइकाला माझ्या डोक्यावरून माल देत. दहावीला विज्ञानात चांगले गुण मिळाले तेव्हा त्यांनी एक कोश मला नुसताच देऊन टाकला. तेव्हापासून मला पाहिले की म्हणत, "या सायंटिस्ट."

एम.एस्सी.नंतर मला संशोधन करायचे होते. त्यासाठीच्या पात्रता परीक्षेत पहिल्या प्रयत्नात मी थोडक्यात मागे पडले. निकाल पाहिला त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेले आणि चार पुस्तके घेतली. दुकानाच्या पायऱ्या उतरताना छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले. जणू ती चार पुस्तके माझ्या डोक्यात शिरून बसली होती. प्रयोगशाळेत द्रावणाचा रंग बदलला की क्रिया पूर्ण झाली असे आम्ही समजतो. रंग दाखवणारे रसायन बिघडले, तर क्रिया न होताही रंग बदलतो. माझे नेमके तेच झाले होते. अभ्यासाचा एक थेंबही न पडता माझा रंग बदलत होता.

हंगाम संपला की कारखाना थंडावतो आणि आमच्यासारख्या हंगामी माणसांना महिनोन्महिने रिकामे दिवस मिळतात. ते अभ्यासाचे दिवस म्हणून मी राखून ठेवत असे आणि त्या दिवसांत सर्वाधिक खरेदी करत असे. आधी पुस्तके, मग सराव प्रश्नसंच, मग मोबाइलवरून घेतलेले शिकवणी वर्ग, मग त्या वर्गांच्या टिपणांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या वह्या. काका फोनवर नव्या पुस्तकांची छायाचित्रे पाठवत. खाली लिहीत, तुझ्यासाठी एक प्रत बाजूला ठेवली आहे. मला त्यात माया दिसे.

दुसरा प्रयत्न हुकला. तिसरा हुकला. प्रत्येक वेळी मी विश्लेषण करून एकाच निष्कर्षाला येत असे: साधने अपुरी पडली.

एकदा जागा संपली म्हणून मी विहाराच्या अभ्यासिकेला दोन पोती पुस्तके दिली. माझा सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, अण्णांच्या डोळ्यांत पाणी. घरी आले, मोकळ्या झालेल्या फळ्या पाहिल्या आणि जेवायच्या आधी नवी मागणी नोंदवली. दान हासुद्धा माझ्या आजाराचाच एक भाग होता, हे मला फार उशिरा समजले.

निदानाचा दिवस

आईने तीन प्रती मांडल्या त्या दिवसापासून घरात दोन तट पडले. आईचे म्हणणे सरळ होते: जे माणूस एकच वस्तू तीनदा आणते आणि उघडत नाही, त्याला काहीतरी होत आहे. अण्णांना हा शब्दच सहन होईना.

"पुस्तकं घेती म्हणून पोरीला येड्याच्या दवाखान्यात नेतीस? लोकांच्या पोरी काय काय घेत्यात."

"लोकांच्या पोरी घेतलेलं अंगावर तरी घालत्यात," आई म्हणाली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात आम्ही तिघे एसटीने गेलो. आत मी आणि आई गेलो. अण्णा बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

डॉक्टरबाईंनी खर्चाची चौकशी केलीच नाही. मी घरून एक तक्ता करून नेला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला आणि विचारले, "शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं?"

मी प्रश्नातच त्रुटी शोधू लागले. पूर्ण म्हणजे काय, संदर्भग्रंथ कोणी पूर्ण वाचत नाही, वगैरे. त्या थांबल्या. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. मला नाव आठवले. ते पाच वर्षांपूर्वीचे होते.

"तुम्ही पैसे मोजता ते अभ्यास झाल्याच्या भावनेसाठी," त्या म्हणाल्या. "ती किती वेळ टिकते?"

"रेल्वे फाटकापर्यंत," मी म्हणाले. दुकान आणि घर यांच्या मध्ये ते फाटक आहे. हे उत्तर मी आधी कधीच मनात तयार केले नव्हते. ते तोंडातून बाहेर पडले आणि मला रडू आले.

डॉक्टरबाईंनी आजाराचे नाव सांगितले, खरेदीचे व्यसन; ते ऐकून मला धक्का बसला नाही. भीती वेगळीच होती. घरी येऊन मी त्या तीनपैकी एका प्रतीचे प्लास्टिक फाडले आणि वाचायला बसले. दुसऱ्या पानावर डोळे घसरू लागले. पुन्हा पहिल्या ओळीवर आले, पुन्हा घसरले. दुकानात उभ्या उभ्या मासिके फस्त करणारी मुलगी माझ्यात उरली नव्हती. संशोधनाची वाट शेवटी पुस्तकाच्या पानांतूनच जाते, आणि मला एक पुस्तक शेवटपर्यंत वाचता येत नव्हते. पुढच्या सगळ्या उपचारात माझ्यासमोर हाच एक प्रश्न होता: मला पुन्हा वाचता येईल का?

डॉक्टरबाईंनी एक गोळी, दर गुरुवारची बैठक आणि एक नियम दिला. घरातले एकच पुस्तक निवडायचे, रोज दहा पाने वाचायची, आणि शेवटचे पान संपेपर्यंत नवे काहीही घरात येऊ द्यायचे नाही. मी तीन प्रतींचेच पुस्तक निवडले.

गुरुवार

गुरुवारच्या बैठकीत आम्ही नऊजण होतो. बाई मी एकटीच. बाकीचे बहुतेक दारूचे, दोघे मोबाइलवरच्या पत्त्यांचे. बाहेरच्या व्हरांड्यात नावनोंदणीची रांग, मग गोळ्यांची रांग, मग पत्र्याच्या खुर्च्यांचे वर्तुळ. माझ्या शेजारी शिरूर कासारचे शेषरावमामा बसत. ते ऊसतोड टोळ्यांच्या ट्रॅक्टरवर चालक होते.

"ताई, तुमी कशावर हाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

मी म्हणाले, पुस्तकांवर. सगळे वर्तुळ हसले.

"लई झ्याक येसन हाय की. आमच्या पोरीला बी लावा जरा."

पुढच्या गुरुवारी मी सगळे नीट सांगितले: विकत घेते, वाचत नाही, प्लास्टिकही फोडत नाही. या वेळी कोणी हसले नाही. मामांनी बराच विचार केला.

"म्हंजी बाटल्या आणून घरात रचायच्या, आन् बूच बी काढायचं न्हाई?"

"हो."

"मंग तुमचं आमच्यापरीस अवघड हाय. आमाला निदान चढती तरी."

माझ्या आजाराची याहून नेमकी मांडणी मी अद्याप ऐकलेली नाही.

त्या महिन्यात आई मला घेऊन सोनवणे काकांकडे गेली. तिने दुकानात उभ्याने, आवाज न चढवता, सगळे सांगितले आणि पोरीला आता काही विकू नका अशी विनंती केली. काकांनी हात जोडले.

"वैनी, आजपासनं हिला माझ्या दुकानातनं एक पान बी जाणार न्हाई. शब्द हाय माझा."

परतताना रेल्वे फाटकाशी मला कित्येक वर्षांत प्रथमच हलके वाटले, आणि माझ्या हातात पिशवी नव्हती. आता माझ्या बाजूने चार माणसे आहेत, असे मी मोजले: आई, डॉक्टरबाई, अण्णा आणि काका.

जयंतीची सकाळ

जयंतीपर्यंत मी चौऱ्याण्णव पाने वाचली होती. शेवटची वीस पाने न अडखळता झाली होती, आणि ती बातमी मी गुरुवारी सगळ्यांना सांगणार होते.

वंदना झाली. अण्णा आतल्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांवर एक जड गठ्ठा घेऊन आले. परीक्षेचा सात पुस्तकांचा संच होता, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला. त्यांनी तो प्रतिमेसमोर ठेवला, नमस्कार केला आणि मग माझ्या हातात दिला. गठ्ठ्यावर काकांच्या दुकानाची चिठ्ठी होती.

आई म्हणाली, "आवं, काय केलंत तुमी?"

"जयंतीला पुस्तक न्हाई आणायचं? मंग काय आणायचं, जिलबी?" अण्णा म्हणाले. "सोनवणेचा फोन आलता. परीक्षा जवळ आली म्हणला. पोरीनं काय असंच बसायचं का?"

मला सर्वांत जास्त लाज ज्या गोष्टीची वाटते ती इथे लिहिते. मला राग आला नाही. गठ्ठ्याचे वजन हातांना लागताच तो जुना हलकेपणा अंगभर पसरला, आणि तो अस्सल होता. अण्णांच्या आणि काकांच्या आधी माझ्या स्वतःच्या शरीराने मला दगा दिला. दुपारी वस्तीत मिरवणुकीची तयारी चालली होती, मुली निळे झेंडे बांधत होत्या. मी खोलीचे दार लोटून मोबाइलमधून काढून टाकलेले खरेदीचे ॲप परत घेतले आणि आणखी चार पुस्तके मागवली.

चौऱ्याण्णवाव्या पानावर ठेवलेला कागद पुढचे तीन आठवडे तिथेच राहिला. गुरुवारीही मी गेले नाही.

दुकानात

चौथ्या आठवड्यात आईने मला जबरदस्तीने दवाखान्यात नेले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारले, ज्यांनी हे विकले आणि ज्यांनी आणले त्यांच्याशी बोललात का? मी बोलले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानात गेले.

काका नव्या वह्यांचे गठ्ठे सोडत होते. "या सायंटिस्ट," ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून थांबले.

"काका, तुम्ही शब्द दिला होता."

"तुला इकलं न्हाई मी. तुझ्या बापाला इकलं."

मला वाटते, हे वाक्य त्यांनी आधीच तयार करून ठेवले असावे. इतक्या सहज ते आले. मी मग तो प्रश्न विचारला जो तीन महिने मनात होता. भौतिक रसायनाचे ते निळे पुस्तक मी तीनदा नेले. त्यांच्या हे लक्षात आले नव्हते का?

काका सुतळीची गाठ सोडवत राहिले.

"आलतं."

"मग?"

"दुसऱ्यांदा वाटलं, कुणाला तरी द्याया नेलं असंल." त्यांनी सुटलेली सुतळी बोटांभोवती गुंडाळली. "तिसऱ्यांदा वाटलं, इचारलं तर ही यायची बंद हुईल. तुझ्यासारखी गिऱ्हाईकं ऱ्हायलीत किती? समदे फोनवरनं मागवत्यात."

"मी आजारी होते, काका."

"दुकान चालवतो मी, बाळा. दवाखाना न्हाई."

त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता; थकवा होता. त्यामुळे ते अधिक लागले. ज्या माणसाने मला उभ्या उभ्या फुकट वाचू दिले, त्याच माणसाने मी वाचत नाही हे ओळखले आणि तिसरी प्रत कागदात गुंडाळून दिली. "तुझ्यासाठी एक बाजूला ठेवली आहे" हे वाक्य त्यांनी इतर किती जणांना पाठवले असेल, हे मी विचारले नाही. मी पुन्हा त्या दुकानात गेलेले नाही. स्टेशनला जायचे असेल तर लांबच्या रस्त्याने जाते.

फडके

घरी आले तेव्हा अण्णा नेहमीप्रमाणे मांडणी पुसत होते. आई दारात तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "अण्णा, काकांना सगळं माहीत होतं."

ते वळले नाहीत. फडके एका फळीवरून दुसऱ्या फळीवर गेले.

"मला बी माहीत व्हतं," ते म्हणाले. "रोज पुसतो मी. पिलॅस्टिक फोडलेलं हाय का न्हाई, ते हाताला कळतंय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. किती वर्षे? मी विचारले. त्यांनी मान हलवली, मोजली नव्हती.

"मग बोलला का नाहीत?"

"माझी पोरगी वाचत न्हाई, आसं मी तोंडानं कसं म्हणू? बोललो आसतो तर ते खरं झालं आसतं."

"आन् न बोलल्यानं खोटं झालं का?" आई दारातून म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

काकांवर मला रागावता आले होते. इथे तेही जमेना. मी मांडणीकडे पाहत राहिले आणि एक साधी गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावात न हाताळलेल्या वस्तूवर राख बसते. ही पुस्तके तशीच राहू दिली असती तर वर्षभरात प्रत्येकाच्या माथ्यावर करडा थर दिसला असता, आणि मी कोणते पुस्तक उघडत नाही हे मला आरशासारखे दिसले असते. माझ्या विरुद्धची एकमेव खरी साक्ष माझे वडील रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसून टाकत होते. प्रेमाने पुसत होते. या सगळ्यात मी एकटीच फसलेली होते; काका आणि अण्णा दोघांनाही माहीत होते, आणि आईने, जिला वाचता येत नाही, तिने ते बोलून दाखवले.

मी अण्णांच्या हातातून फडके घेतले. "उद्यापासून मांडणीला हात लावायचा नाही."

"राख बसंल की."

"बसू द्या."

जे उपयोगी पडले

माझ्या अवस्थेत असणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. निश्चय मला उपयोगी पडला नाही. अडथळे उपयोगी पडले. मोबाइलमधले साठवलेले कार्ड काढून टाकले, ॲपचे पासवर्ड आईच्या समोर धाकट्या मावशीकडून बदलून घेतले आणि ते मावशीकडेच ठेवले. काही घ्यावेसे वाटले की आधी आईला मोठ्याने सांगायचे: ही वस्तू कशासाठी, आणि घरात तशीच दुसरी आहे का. आठवडाभर थांबूनही ती हवी वाटली तर तिच्याविषयी पुन्हा बोलायचे. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी मला त्या वस्तूचे नावही आठवत नसे. जयंतीचा तो संच आणि मागवलेली चार पुस्तके आम्ही परत केली नाहीत. मी ती दान करण्यासही नकार दिला. ती मांडणीच्या सर्वांत वरच्या फळीवर आहेत, प्लास्टिकसकट.

आणि आपल्या खरेदीवर जो पोट भरतो त्याच्याकडून आपल्या आजाराची काळजी अपेक्षित करू नये, तो कितीही मायेने बोलत असला तरी. हे लिहिताना मला अजूनही वाईट वाटते.

वडिलांना माफ केलेस का, असे मैत्रिणी विचारतात. मी त्यांच्याशी बोलते, त्यांच्या ताटाशेजारी जेवते. याहून पुढचे उत्तर माझ्याकडे नाही.

राख

राख बसू लागली. दर रविवारी आई मांडणीपुढे उभी राहते आणि पुस्तकांच्या माथ्यांवरून नजर फिरवते. "हे हाललंय," ती म्हणते. किंवा, "ह्या आठवड्यात कायबी हाललेलं न्हाई." तिच्याशी वाद घालता येत नाही. सुरुवातीचे दोन रविवार काहीच हलले नव्हते. तिसऱ्या रविवारी निळ्या पुस्तकाच्या माथ्यावर चार बोटांच्या खुणा होत्या.

चौऱ्याण्णवपासून पुढे मला अडीच महिने लागले. रोज दहा पाने झाली नाहीत. कधी तीन झाली, कधी एकाच पानावर तासभर गेला. हंगामाआधीची यंत्रांची दुरुस्ती कारखान्यात सुरू झाली त्या आठवड्यात शेवटचे पान आले. दुपारची वेळ होती. मी पुस्तक मिटले आणि तसेच मांडीवर ठेवून बसले. आजूबाजूची सगळी मांडणी करडी होती आणि एवढे एकच पुस्तक वापरून मळले होते.

अण्णा दारात आले. बराच वेळ उभे राहिले. हात रिकामे होते, त्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते.

"झालं का?"

"झालं."

"काय हाय त्यात?"

काकांनी मला नेहमी कोणते पुस्तक हवे ते विचारले होते. पाहुण्यांनी किती पुस्तके आहेत ते विचारले होते. पुस्तकात काय आहे, हे आमच्या घरात आजवर कोणी कोणाला विचारले नव्हते.

मी अतिसूक्ष्म कणांचे प्रकरण उघडले आणि त्यांना बाकावर बसायला सांगितले. धुरातले राखेचे कण इतके बारीक असतात की ते आपोआप खाली बसत नाहीत, असे मी सांगू लागले. म्हणून चिमणीच्या आधी त्यांना मोठ्या विद्युतदाबाने भार देतात आणि ते विरुद्ध भाराच्या पट्ट्यांकडे ओढले जाऊन चिकटतात. अण्णा पुढे झुकले.

"ईएसपीच्या प्लेटा," ते म्हणाले. "तिथंच व्हतो मी. अकरा वर्सं."

मला हे माहीत नव्हते. राखेचा विभाग एवढेच मला माहीत होते. पुढचे मी कधी विचारले नव्हते.

"चिकटती, ते बरूबर हाय," ते म्हणाले. "पर चिकटून ऱ्हायली तर प्लेट काम करत न्हाई. तिला हातोडे आसतात. ठराविक येळानं प्लेटंला ठोकायचं, मंग राख खाली पडती. ठोका हळू बसला तर पडत न्हाई, जोरात बसला तर परत धुरात उडती. ते लिव्हलंय का त्यात?"

मी ते पान पाहिले, पुढचे पाहिले. हातोड्यांचा उल्लेख कुठेच नव्हता.

"नाही."

अण्णांनी पुस्तक माझ्या मांडीवरून उचलले, त्या पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि पुस्तक परत माझ्याकडे दिले.

"मंग लिही हितं बाजूला," ते म्हणाले. "पेनानं लिही."